सरकारी वाढदिवस

"आई, डोळे मीट आणि उघड," निकेत म्हणाला.

वैजयंताने डोळे मिटले आणि मिटूनच ठेवले.

"उघड ना."

"उघडले की फोटो बिघडंल."

"फोटो नाही काढत मी. माणूस खरंच समोर बसलंय का, ते तपासतोय फोन. एकदा मिटायचे, एकदा उघडायचे."

"म्हणजे मी जिवंत हाय का, ते बघायलाय?"

"तसंच समज."

तिला हसू फुटलं, चेहरा हलला आणि फोनने पुन्हा नकार दिला. उजेडासाठी खुर्ची गॅलरीच्या दाराशी ओढली होती. मागे निकेतचे वडील कोंडिराम हात पाठीशी बांधून उभे होते. कारखान्यात नवं मशीन सुरू होताना ते असेच उभे राहत. अजून दोन-तीनदा डोळे मिटून उघडल्यावर फोनने एकदाचं मान्य केलं. थोड्या वेळाने पडद्यावर तिचं नाव आलं, तिचा अर्धवट हसता चेहरा आला आणि खाली जन्मतारीख. एक जून.

"झालं कार्ड," निकेत म्हणाला. "हॅपी बर्थडे, आई. आजपासून तू सरकारी सत्तर वर्षांची."

"सरकारी म्हणलास ते बरं केलंस," कोंडिराम म्हणाले. "खरी त्र्याहत्तरची हाय ती."

वैजयंताची आई सांगायची, बाबासाहेबांच्या दीक्षेच्या साली पोर अंगणात पळत होती. पण शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी ते ऐकून घेतलं नाही. ओळीत बसलेल्या सगळ्या पोरांना त्यांनी एक जून ही तारीख वाटून टाकली आणि वैजयंताची बारीक मनगटं बघून साल तीन वर्षांनी पुढचं लिहिलं. शाळा दुसरीतच सुटली. तारीख मात्र सुटली नाही. हिंगोलीकडून भाईंदरला आली, मतदार यादीत शिरली, आधारवर बसली.

तीन वर्षांनी लहान झाल्याचा वैजयंताला कधी काही उपयोग झाला नव्हता. गेली दीड-दोन वर्षं तर त्याचा त्रासच झाला. सत्तर पूर्ण झालेल्यांचा इलाज सरकार करणार, कमाई विचारणार नाही, असं जाहीर झालं तेव्हा समोरच्या दारातल्या हंसाबेनने लगोलग कार्ड काढलं, गुडघा बदलून घेतला आणि पालिताण्याच्या यात्रेला जाऊन आली. हंसाबेन खरं तर वैजयंतापेक्षा वर्षभराने लहान. पण वैजयंता आधारप्रमाणे अजून सत्तरीला पोचायची होती. तिसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. आधी ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची. मग तिने उतरणंच सोडलं. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायला लागली.

थोरला प्रितम कर्ज काढायला तयार होता. त्याच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील बसत नव्हते. पण तिने ऐकलं नाही. "तुझ्या पोरीचं कॉलेज आधी. मी थांबते. येऊ दे गुरुजीची तारीख," असं म्हणून ती थांबली आणि गुडघ्यांना तेल चोळत बसली.

आज ती तारीख आली होती. वाढदिवस करायचा, हे निकेतच्या डोक्यातून निघालं. तिचा वाढदिवस आजवर कुणी केलाच नव्हता, तिनेही नाही.

"केकवर काय लिहायला सांगू?" त्याने विचारलं.

"गुरुजीचं नाव लिही," कोंडिराम म्हणाले. "त्येचीच किरपा."

---

हाटकेशहून भाईंदर पश्चिमेला रिक्षाने येताना वैजयंताच्या सुनेने, मिनलने, केकचा डबा मांडीवर सांभाळून धरला होता. प्रितम शेजारी बसून फोनवर बोलत होता. बोलणं संपलं तेव्हा तो खुशीत होता.

"गुरुवारी ॲडमिट करून घेतायत. चार-पाच दिवसांत घरी."

"कुठल्या घरी?" मिनलने विचारलं.

"म्हणजे काय? इकडे जिने चढणार कशी ती? आपल्याकडेच."

मिनलने मांडीवरचा डबा सरळ केला. सासूबद्दल तिच्या मनात अढी नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षी नोकरी करू की नको असं चाललं होतं, तेव्हा घरात तिच्या बाजूने बोललेली एकटी वैजयंताच होती. पण पंधरा तारखेला शाळा उघडणार होती आणि तिच्याकडे यंदा दहावीचा वर्ग होता. मुलगी कॉलेजला. प्रितम सकाळी निघणार तो अंधार पडल्यावर उगवणार. हंसाबेनच्या सुनेने तिला एकदा जिन्यात सांगितलं होतं की ऑपरेशन हा त्यातला सोपा भाग, पुढचे दीड-दोन महिने माणूस लागतं. उठवायला, बसवायला, बाथरूमला न्यायला. हातात केक घेऊन तीन जिने चढताना मिनलच्या डोक्यात तेच फिरत होतं आणि वाढदिवसाला जाताना आपण हा विचार करतोय याची तिला लाज वाटत होती.

दार उघडल्यावर मात्र ती सगळं विसरली. निकेतने आपल्या धंद्यातले दोन उंच स्पीकर त्या एवढ्याशा हॉलमध्ये आणून उभे केले होते आणि आवाज इतका बारीक ठेवला होता की ते स्पीकर बिचारे अवघडल्यासारखे दिसत होते. बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार होता. वैजयंता नवी जांभळी साडी नेसून खुर्चीत बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "खोटा वाढदिवस हाय, पण केक खरा हाय."

नणंद पंचशीला स्वयंपाकघरातून धपाट्यांची चवड घेऊन आली. ती जवळच्या राई गावात राहायची, डबे करून द्यायची. मिनलने तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं, तिनेही केलं. दोघींचं तेवढंच होतं. पंचशीलाने डब्यांचं काम सुरू केलं तेव्हा मिनल कुणाजवळ तरी "ताईंची खानावळ" असं म्हणाली होती आणि ते राईपर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार नीट वागायच्या.

केक कापला. वैजयंताने वरचं क्रीमचं फूल आधी स्वतः खाल्लं, मग सगळ्यांना भरवलं. मग हंसाबेन आल्या त्या आपला वॉकर ढकलत, त्याला लाल रिबिन बांधून.

"ले वैजयंता, तेरा गिफ्ट," त्या म्हणाल्या. "मला आता नको. मी तर पळते. तू भी पळशील, जो जे, बघ तू."

वैजयंताने वॉकरच्या दांड्या धरून बघितल्या. "माझ्या उंचीचा हाय," ती म्हणाली, आणि साडीच्या पदराने तिने डोळे पुसले. हंसाबेन केक खाऊन, पाणी पिऊन गेल्या. मग प्रितमने घसा साफ केला. घरात काही जाहीर करायचं असलं की ते प्रितम करायचा. वडिलांची सेवानिवृत्ती, गावाकडच्या जमिनीची विक्री, निकेतच्या धंद्याला असलेला त्याचा विरोध, सगळं त्याने असंच उभं राहून सांगितलं होतं.

"गुरुवारी आईचं ॲडमिशन. शुक्रवारी ऑपरेशन. हॉस्पिटल यादीतलं आहे, मी स्वतः बोललोय. गुडघा, औषधं, बेड, सगळं कार्डावर. आपल्याला एक रुपया नाही."

निकेतने टाळ्या वाजवल्या. कोंडिरामही वाजवायला लागले.

"नंतर ती आमच्याकडे, लिफ्ट आहे म्हणून. आणि करायला काय, ताई आहेच," प्रितम म्हणाला. "ताई दीडेक महिना येऊन राहील."

---

पंचशीलाच्या हातात अजून धपाट्यांचं ताट होतं. तिने ते टीपॉयवर ठेवलं.

ताई आहेच. हे वाक्य तिने एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं होतं. बाबांना टीबी झाला, आई धुणीभांडी करायला जायची, तेव्हा कॉलेज सोडून ती घरी बसली. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हाही ती होती. निकेतला रिक्षाने उडवलं, तेव्हा महिनाभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर तीच झोपली. प्रितम दर वेळी पैसे आणायचा. कुठून आणायचा, कसे फेडायचा, ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनेही आपलं बसणं कधी बोलून दाखवलं नाही. कुणी न ठरवता ते तसं ठरून गेलं होतं.

आता तिच्याकडे डबे होते. राई आणि भाईंदरच्या कारखान्यांतली माणसं तिचं जेवण जेवत होती, हाताखाली दोन बायका होत्या. गेल्याच महिन्यात तिने मोठी शेगडी घेतली होती.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

प्रितमला वाटलं, तिने तारीख ऐकली नसावी. "अगं, गुरुवारी नको येऊस. घरी आणल्यावर ये. सोमवार-मंगळवारपासून."

"सोमवारपासूनही नाही जमणार. दीड महिना डबे बंद ठेवले तर लोक दुसरीकडे लावतील. परत कोण येतंय?"

"ताई, आई आहे ती."

"माझी पण आहे."

"मग? आता तर पैशांचाही प्रश्न नाहीये."

"तेच म्हणतेय मी." पंचशीलाचा आवाज चढला नाही. "पैशांचा प्रश्न असता तर तू सोडवला असतास, प्रितम. दर वेळी सोडवलास, मी नाही म्हणत नाही. तू पैसे दिलेस, मी बसले. आता पैसे सरकार देणार. मग तू काय देणार?"

निकेतने हात लांब करून स्पीकर बंद केला. नाहीतरी तो ऐकू येत नव्हताच.

प्रितमने बायकोकडे बघितलं. गेली वीस वर्षं पंचशीलाच्या विरोधात मिनल आपल्या बाजूला असते, हे त्याने गृहीत धरलं होतं.

"ताई बरोबर बोलतायत," मिनल म्हणाली.

"मिनल, तू तरी..."

"मला बोलू दे. ऑपरेशन सरकार करेल, चांगलंच करेल. पण घरी आल्यावर आईंना उठवून बाथरूमला न्यायला सरकार नाही येणार. त्याचं पॅकेज नाही कुठे. ते घरातल्या कुणीतरी करायचं. आणि तू कुणीतरी म्हणतोस तेव्हा तुझ्या डोक्यात ताई असतात, नाहीतर मी. तुझं नाव त्यात येतच नाही. निकेतचंही नाही."

पंचशीला तिच्याकडे बघत राहिली. आपल्या मदतीला कुणी येईल असं तिला वाटलं नव्हतं, आणि मिनल येईल असं तर मुळीच नाही.

"बाई ठेवू," निकेत म्हणाला. "मी बघतो एजन्सीत."

"परकी बाई?" वैजयंता म्हणाली. "माझ्या अंगाला हात लावायला?" मग तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी रागावलेलं नव्हतं, फक्त अवघडलेलं होतं. ती हसली. "राहू द्या मग. नका इतका इचार करू. चालतंय की माझं. खाली उतरून मला कुठं जायचंय? केक खाल्ला, साडी नेसले, झाला की वाढदिवस."

---

कोंडिरामांनी धपाट्याचा घास तोंडात घातला होता. तो तसाच राहिला.

'राहू द्या' हे त्यांनी तिच्या तोंडून पूर्वीही ऐकलं होतं. असंच, हसत. धाकटा पोटात असताना तिला माहेरी जायचं होतं आणि कारखान्यात सुट्टी मिळाली नव्हती, तेव्हा. रात्रीच्या शाळेत नाव घालायला गेली आणि पोरांना सांभाळायला कुणी नव्हतं, तेव्हा. ती एकदा राहू द्या म्हणाली की खरोखर राहू द्यायची आणि पुन्हा विषय काढायची नाही. मग बाकीच्यांनाही वाटायचं की तिला त्याचं काही नव्हतं. या वेळीही तसंच होईल. कार्डाचा कागद छापून येईल, भिंतीवर खिळ्याला अडकेल आणि ती गॅलरीतून दोरी सोडत राहील.

स्टीलची भांडी घासून चकचकीत करायच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. धूळ छातीत बसली आणि वर टीबी झाला, तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा मग उचलायची ताकद नव्हती. तेव्हाच्या नवघरच्या खोलीत साडीचा पडदा लावून वैजयंता त्यांना रोज धुवायची. लाज वाटून ते डोळे मिटून घ्यायचे. ती म्हणायची, मिटा, मला काय, पाठ तर दिसते.

त्यांनी घास गिळला.

"तिला मी धुतो," ते म्हणाले.

"काय?" प्रितमने विचारलं.

"अंघोळ, संडास, बाथरूम. ते माझं काम. दुसऱ्या कुणाचं न्हाई ते."

"बाबा, तुमचं वय बघा. सत्त्याहत्तर..."

"वयाचं तू सांगू नको. घरात खरं वय माझं एकट्याचंच हाय."

निकेत हसला आणि मग हसू दाबायला लागला. वैजयंताने पदर तोंडाला लावला. "अहो, लेकरांसमोर काय बोलायलात."

"लेकरं कुठून आली मग?" कोंडिराम म्हणाले.

आता मात्र कुणालाच दाबता आलं नाही. पंचशीला हसत हसत भिंतीला टेकली. प्रितमने कपाळाला हात लावला, पण तोही हसत होता. कोंडिराम एकटे गंभीर होते. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले.

"उचलायची ताकद न्हाई माझ्यात, ते खरं हाय," ते म्हणाले. "तेवढ्याला माणूस लागंल."

"मी आहे ना," निकेत म्हणाला. "लगीनसराई संपली. गणपतीपर्यंत साउंड गोडाऊनमध्ये धूळ खाणार. हे एवढे स्पीकर तीन मजले चढवतो मी, आईला काय. उठवणं, चालवणं, फिजिओकडे नेणं, माझ्याकडे लागलं. वहिनी, मी झोपायला हॉलमध्ये. चालेल?"

"चालेल," मिनल म्हणाली. ती खुर्ची ओढून सासऱ्यांच्या शेजारी बसली. "घर माझं, हात तुमचे. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. मी शाळेतून आल्यावर कुणीही मला, आईंचं हे राहिलंय, ते राहिलंय, असं सांगायचं नाही. मी आईंशी गप्पा मारीन. त्यांचे केस विंचरीन. राहिलेलं काम करणार नाही."

"बरोबर हाय," कोंडिराम म्हणाले.

"आणि प्रितमने त्याच्या रजा किती साठल्यात ते सगळ्यांना सांगावं."

प्रितम उभाच होता. "त्या रिटायरमेंटला पैसे मिळतात म्हणून ठेवल्यात."

"कळलं. किती आहेत?"

"आहेत बऱ्याच."

"मग घे," पंचशीला म्हणाली.

"एवढी सलग रजा मी कधी घेतली नाहीये गं, ताई. ऑफिसवाले विचारतील, काय झालं म्हणून."

"सांग ना त्यांना, आई सत्तरीची झाली."

प्रितमने आईकडे पाहिलं. कर्ज काढायचं म्हणत होता तेव्हा त्याला भीती वाटली नव्हती. कर्ज त्याला जमायचं. आईला धरून चालवायचं कसं, तिच्याशी दिवसभर बोलायचं काय, हे त्याला माहीत नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"हॉस्पिटलमध्ये मी राहतो," तो शेवटी म्हणाला. "सगळे दिवस. आणि घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे."

"तीन," वैजयंता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मघापासून माझा गुडघा वाटून घ्यायलात सगळे," ती म्हणाली. "मला कुणी इचारलं का?"

"मग बोल ना, आई," निकेत म्हणाला.

"प्रितमने तीन आठवडे राहायचं. आणि हे मला धुणार असतील तर पाणी कढत पाहिजे आणि तोंड बंद पाहिजे. हे बोलत सुटले की मग गार करतेत पाणी."

"बरं," कोंडिराम म्हणाले.

"दोन्ही वेळचं जेवण मी पाठवते," पंचशीला म्हणाली. "रोज. तेवढं मला जमतं. कुणी गॅसपाशी उभं राहायचं नाही." मग ती मिनलकडे वळली. "खानावळीतूनच येईल. चालेल ना तुला?"

मिनलचे कान लाल झाले. मग तिला पंचशीलाच्या डोळ्यांतलं हसू दिसलं.

"मला दोन पोळ्या जास्त," मिनल म्हणाली.

निकेतने स्पीकर लावला आणि या वेळी बारीक ठेवला नाही. जयंतीच्या मिरवणुकीत तो वाजवायचा ते गाणं सुरू झालं. पंचशीलाने मिनलला हाताला धरून उठवलं. समोरच्या दारातून हंसाबेन पुन्हा आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहून टाळ्यांनी ठेका धरायला लागल्या. वैजयंता खुर्चीत बसून, नव्या वॉकरच्या दांड्या धरून खांदे हलवत होती. प्रितम तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेका तिथेच वाजवला.

---

हॉस्पिटलमध्ये ठरल्याप्रमाणे सगळं झालं. निघताना काउंटरवर प्रितमने सवयीने पाकीट काढलं. तिथल्या मुलीने नुसती सही मागितली, तेव्हा पाकीट हातात धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला.

त्याची खरी कसोटी हाटकेशला लागली. पहिल्याच दिवशी गुडघा वाकवायचा व्यायाम करवून घेताना आईने त्याला जी शिवी दिली, ती त्याने तिच्या तोंडून सबंध जन्मात ऐकली नव्हती. तो घाबरून थांबला. "थांबू नको," ती दात आवळून म्हणाली, "मी शिव्या देते, तू वाकव." मग तसंच ठरलं. सकाळी निकेत आणि संध्याकाळी प्रितम, मध्ये वैजयंताच्या शिव्या. पहिले काही दिवस वाईट गेले. ती रात्री कण्हायची, निकेतची झोप व्हायची नाही, दोघा भावांची एकदा बर्फाच्या पिशवीवरून चांगलीच जुंपली. पण राईहून डबा आला की सगळे एकत्र जेवायला बसायचे आणि त्यात भांडण विरून जायचं.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मिनल शाळेतून आली तेव्हा हॉल रिकामा होता. प्रितम गॅलरीत कपडे वाळत घालत होता, चिमटे तोंडात धरून.

"आई कुठे?"

त्याने बाथरूमकडे बोट केलं. ऑपरेशननंतरची पहिली खरी अंघोळ होती. इतके दिवस नुसतं ओल्या फडक्याने पुसणं चाललं होतं. प्लॅस्टिकची खुर्ची आत नेलेली, वॉकर दाराबाहेर उभा. निकेत दाराला पाठ करून बसला होता, बोलावलं तर लगेच आत जायच्या बेताने, आणि मोबाइलमध्ये डोकं घातल्याचं नाटक करत होता.

आतून पाण्याचा आवाज आला. मग वैजयंताचा.

"हळू. मी काय कारखान्यातलं पातेलं हाय का?"

"मळ हाय," कोंडिराम म्हणाले.

"बोलायचं न्हाई ठरलं होतं."

"तू बोलायलीस म्हणून."

मग आतून दोघांचं हसणं ऐकू आलं. कोंडिरामांचं आधी खोकल्यासारखं, दबलेलं, आणि तिचं मोकळं. ते थांबायचं, पाणी पडायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. निकेतचे खांदे हलत होते.

मिनलला हात-पाय धुवायचे होते, चहा हवा होता, दहावीच्या वह्यांचा गठ्ठा खांद्यावर जड झाला होता. ती बाथरूमसमोरच्या स्टुलावर बसली. दार बोटभर उघडलं आणि सासऱ्यांचा ओला, साबणाचा हात बाहेर आला.

"टावेल ऱ्हायला."

तिने दोरीवरचा टॉवेल काढून त्या हातात दिला. हात आत गेला, दार लागलं. पुन्हा पाणी सुरू झालं, म्हणजे टॉवेल लागायला अजून अवकाश होता.

प्रितम रिकामी बादली घेऊन आला. "झालं का त्यांचं? तुला जायचं असेल ना आत."

"नाही झालं," मिनल म्हणाली. "वेळ लागेल त्यांना."

"लागू दे," तो म्हणाला आणि तिच्यासाठी चहा ठेवायला आत गेला.